मोरखोलची त्रेपन्न घरं

सांगली, १२ जून १९९५

दादा,

सप्रेम जय भीम. राग धरलेल्या माणसालाही जय भीम चालतो, म्हणून तेवढ्यापासून सुरुवात करते. पत्र न फोडताच तू वहिनीच्या हातात देशील, अशी मला दाट शंका आहे. वहिनी, तुम्ही वाचत असाल तर पुढचं यांना वाचून दाखवा.

डिसेंबरात साताऱ्याच्या वाचन-बैठकीत मी माझ्या वहीतलं एक पान वाचलं आणि तू मधूनच उठून गेलास. त्याला सहा महिने झाले. माझा गुन्हा काय, ते अजून कळवलेलं नाहीस. तुझ्या ऑफिसातले चौघं पुढच्या रांगेत होते, हे मला मागाहून समजलं. पण त्यांनी तर टाळ्या वाजवल्या की. पाटलीणबाई आबांना रोज केळीपाशी बोलावून गरम भाकरी द्यायच्या, इतकंच त्या पानात होतं. त्यात उठून जाण्यासारखं काय होतं?

असो. काम आहे म्हणून लिहिते आहे. माझ्या एम.फिल.ची मुदत ३१ ऑगस्टला संपते. कागदावर माझा विषय आहे 'कोयना खोऱ्यातील विस्थापितांची बोली'. शाळा सांभाळून दोन वर्षं मी जे लिहिते आहे, ते मात्र भलतंच झालं आहे. सरांना शंभर पानं नेऊन दिली. त्यांनी ती परत दिली आणि म्हणाले, "बाई, चांगलं आहे. पण हे आहे काय? तीन पानांत समजावून द्या. मला पटलं तर मी विद्यापीठाशी भांडेन. नाही पटलं तर तुमची नोंदणी गेली म्हणून समजा."

शंभर पानं लिहून झाली आणि ही तीन काही लिहिता येत नाहीत. सातवीच्या पोरांना मी निबंधाचे मुद्दे काढून देते आणि स्वतःच्या बाबतीत माझी बोलती बंद होते. म्हणून आधी तुला समजावून बघते. तुला पटलं तर सरांना पटेल.

मोरखोल पाण्याखाली गेलं तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. मी त्यानंतरची, वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेली. मी गाव बघितलेलंच नाही. म्हणून आबांकडून ते घराघरानं लिहून घेते आहे. आबा एका घरापासून निघतात आणि ओळीनं पुढं जातात. क्रम एकदाही चुकत नाहीत. एका संध्याकाळी एक घर होतं. त्या घरी कोण राहायचं, चुलीवर काय असायचं, कोण कुणावर ओरडायचं, सगळं आबांच्याच बोलण्यात. मी माझा एक शब्द घालत नाही. टेपरेकॉर्डर आणला होता, पण तो समोर दिसला की आबा सभेत उभं राहिल्यासारखे बोलतात. त्यापेक्षा वही बरी. त्रेपन्न घरांपैकी एकेचाळीस झाली आहेत.

याला काय म्हणायचं? बोलीचा अभ्यास म्हणावं, तर त्यात कोष्टकं नाहीत. गोष्ट म्हणावी, तर पुढं काही घडत नाही. मला इतकंच कळतं, की त्रेपन्नावं घर लिहून झालं की मलाही एक गाव असेल. हे सरांना कसं सांगायचं?

एखाद्या रविवारी ये. तुला गाव आठवतं. आबांच्या जोडीला तू बसलास तर कामाला वेग येईल. आबांचा घसा हल्ली बसतो. बिडीनं असणार. मिरजेला दाखवून आणते. काळजीचं काही नाही.

तुझी,
दीक्षा


सांगली, ९ जुलै १९९५

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीचं चार ओळींचं पत्र आलं, त्यात प्रियदर्शनीला दहावीला किती टक्के पडले ते होतं आणि तुझ्याबद्दल अवाक्षर नव्हतं. पोरीचं अभिनंदन कर. आत्यानं केलं म्हणून सांगू नकोस हवं तर.

ती तीन पानं मी आतापर्यंत चारदा लिहिली. पहिल्या खेपेला 'विस्थापितांच्या सामूहिक स्मृतीचा शोध' असं सुरू केलं. स्वतःच वाचलं आणि लाज वाटली. दुसऱ्या खेपेला आबांचं कौतुकच जास्त झालं. तिसऱ्यात धरणावर राग काढला. तो खरा होता, पण माझ्या वहीत धरण कुठंच नाही. आबा पाण्याबद्दल बोलतच नाहीत. चौथ्या खेपेला लिहिलं, 'मला हे का लिहायचं आहे ते लिहून झाल्यावर सांगता येईल.' सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "हे खरं असेल, पण विद्यापीठ ऐकायचं नाही."

मग त्यांनी दुसरीच गोष्ट काढली. वही उलटत म्हणाले, "तुमच्या गावात कुणाच्या घराला सोपा नाही का? तुळस नाही, ओटा नाही. प्रत्येक घर न्हाणीच्या दगडापासून सुरू होतंय. आधी न्हाणी, मग सरपणाचा ढीग, मग कोंबड्यांचं खुराडं, मग दार. एकेचाळीस घरांचा दर्शनी भाग एकदाही नाही. वय झालं की माणसाच्या डोक्यात उलटसुलट होतं. दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्या. हे नीट झालं तर निदान गावरचनेची नोंद म्हणून तरी मला पुढं ढकलता येईल."

मी वह्या पुन्हा काढून बसले. सरांचं खरं आहे. इतके दिवस माझ्या हातानं लिहीत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. आबांना विचारलं, तर म्हणाले, "असंल. मी सांगतोय तसं लिव." मग खोकत राहिले.

आबा म्हातारे झाले, दादा. दिशा चुकत असतील. तू ये आणि घरांची तोंडं कुठं होती एवढं सांग. बाकी काही नको.

दीक्षा


सांगली, ३० जुलै १९९५

दादा,

तू आला नाहीस, म्हणून मी मलकापूरला गेले. कऱ्हाडच्या स्टँडवरून चालतच. आपल्या मोरखोलच्या पाटलांच्या राहीबाई तिथं मुलाकडे असतात. ऐंशीच्या पुढं गेल्यात, पण डोकं लख्ख. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "केरूची पोरगी व्हय तू? बस की वर. मास्तरीन झालीस न्हवं? लय ब्येस झालं." सोफ्यावर बसवलं. चहा दिला, सुनेला हाक मारून चिवडाही आणवला. माझा हात धरून गावच्या आठवणीनं रडल्या.

आबांबद्दल इतकं चांगलं बोलल्या, की मला भरून आलं. "लय मर्यादेचा मानूस. सांजच्याला यायचा, हाक मारायचा आन् गप उभा ऱ्हायचा. कदी म्होरं आला न्हाई." आपले आबा तरुणपणी लाजाळू असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

पेन्सिलीनं काढलेलं गाव त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी एकेका घराला बोट लावून सांगितलं, "ह्याचं तोंड हिकडं. हितं दगडी पायऱ्या. हितं तुळस." एकेचाळीसच्या एकेचाळीस घरं मी उलटी लिहिली होती. घरी येऊन चार दिवसांची रजा टाकली आणि सगळं दुरुस्त करून नव्या वहीत उतरवलं. आता प्रत्येक घर पायऱ्यांपासून सुरू होतं, मग ओटा, मग सोपा, मग आत. वाचायला छान वाटतं. सर खूश झाले. म्हणाले, "आता गाव गावासारखं दिसतंय."

आता जे लपवलं ते सांगते. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच मला ठाऊक होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात घशातला तुकडा तपासायला पाठवला होता. कॅन्सर आहे. औषधं आणि शेक देऊन बघितलं, उपयोग नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. २२ ऑगस्टला ऑपरेशन आहे. आबा वाचतील, पण बोलणार नाहीत. आणि आबांना सहीपलीकडं लिहिता येत नाही.

तुला घाबरवायचं नव्हतं, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. ऑपरेशनचं कळलं असतं तर तू आबांना साताऱ्याला घेऊन गेला असतास आणि माझी बारा घरं राहिली असती. मी तशी आहे. बारा घरं आणि बावीस दिवस. पुरेल.

दीक्षा


मिरज, १५ ऑगस्ट १९९५

दादा,

पुरणार नाही असं दिसतंय.

आबांना कालच दवाखान्यात दाखल केलं. वरच्या मजल्यावर खिडकीजवळची कॉट मिळाली. शेजारी जतकडचे बिराप्पा आहेत, त्यांची आणि आबांची गट्टी जमली. आज शाळेतलं झेंडावंदन आटोपून मी दुरुस्त केलेली वही घेऊन इकडं आले. म्हटलं, पुढची घरं सांगण्याआधी झालेली ऐकवावीत. दोन वर्षांत एकदाही त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. बिराप्पाही कान देऊन बसले.

पाटलांच्या घरापासून सुरुवात केली. पायऱ्या, ओटा, तुळस, सोप्यातला झोपाळा. आबा डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या घरापाशी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "ह्ये कुनाचं गाव हाय?"

मी म्हटलं, "आपलंच. मोरखोल."

"मी न्हाई कवा गेलो ह्या गावात." आवाज म्हणजे आता नुसती फुंकर राहिली आहे, पण शब्द स्पष्ट होते.

मला राग आला. दादा, आजारी माणसावर रागावले हे तुलाच सांगते. मी म्हटलं, "आबा, तुम्ही सगळी दारं उलटी सांगितली होती. राहीबाईंना विचारून मी ती नीट केली. तुमच्याच गावातली आहेत."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग भिंतीकडं तोंड करून झोपले. दुपारी जेवले नाहीत. मी बेचाळिसावं घर विचारलं, तर नुसती मान हलवली. बिराप्पा म्हणाले, "आवं बाई, दमल्यात त्ये. ऱ्हाऊ द्या आज."

आज राहू दिलं तर सहा दिवस उरतात. काय चुकलं ते मला कळत नाही. आबा सांगत नाहीत. तुला कळत असेल तर लिही. यायला नको, भेटायला नको. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही असं लिहिणार होते, पण तू माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस. नुसतं लिही.

दीक्षा


मिरज, २१ ऑगस्ट १९९५

दादा,

तुझं आंतर्देशीय आज सकाळी शाळेच्या पत्त्यावर आलं. चारी कडा डिंकानं इतक्या चिकटवल्या होत्यास, की उघडताना दोन अक्षरं फाटली. तरी वाचता आलं. सहा वाक्यं आहेत. मला पाठ झाली.

'आबा येसकर होते. ते ज्या क्रमानं घरं सांगतात, ती संध्याकाळी भाकरी मागत फिरायची वाट आहे. ती वाट मागच्या दारानं असते. मी सहा वर्षांचा होतो आणि टोपली माझ्या डोक्यावर असायची. पाटलीणबाईंच्या प्रेमाचं पान म्हणून तू काय वाचलंस ते त्या खोलीत तुझ्याशिवाय सगळ्यांना कळलं होतं. प्रियदर्शनीला यातलं काही माहीत नाही आणि मी येणार नाही.'

मी शाळेच्या जिन्यावर बसून राहिले. तास बुडाला.

दुसऱ्या कुणाच्या बापानं न्हाणीचा दगड, सरपण आणि खुराडं सांगितलं असतं, तर मी दहा मिनिटांत ओळखलं असतं. यावर मी भाषणं दिली आहेत, दादा. येसकर, गावकीची चाकरी, त्याच्या हातातली घुंगरकाठी, वर्गात सगळं शिकवते. पण आबा म्हणाले होते की आपल्या घरात गावकी नव्हती, ते पाटलांचं टपाल न्यायचे. मी ते कधी तपासलं नाही. त्यांना रोज संध्याकाळी त्रेपन्न घरी काय काम असेल, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. आणि वर त्यांची दारं फिरवली. त्यांना जिथं कुणी कधी उभं केलं नाही, त्या पायऱ्यांवर मी त्यांना माझ्या हातानं नेऊन उभं केलं आणि म्हटलं, हे बघा तुमचं गाव.

राहीबाई म्हणाल्या 'कदी म्होरं आला न्हाई', आणि मी चिवडा खात होते.

पण तुला एक सांगते. तुझं पत्र वाचल्यावर मला ती तीन पानं लिहिता येतील. काय लिहिते आहे ते आज पहिल्यांदा मला कळलं. ज्याला फक्त मागचं दार माहीत आहे, त्यानं ओळीनं सांगितलेलं अख्खं गाव. कुठली भाकरी कशी असायची ते त्याला ठाऊक आहे, आणि कुणाच्या ओट्याचा दगड कसला ते नाही. असं गाव कुणी लिहिलेलं नसेल.

आता पाच वाजलेत. सहा दिवसांत आबांनी एकही घर सांगितलेलं नाही, म्हणून जुन्या वह्या सांगलीहून घेऊन आले आहे. आबा जागे झाले की सांगणार आहे, की मला समजलं, माझं चुकलं, दारं पुन्हा तुमच्यासारखी करते. ऑपरेशन उद्या सकाळी नऊला आहे. बारा घरांची निदान नावं तरी मिळतील.

दीक्षा


सांगली, १० सप्टेंबर १९९५

दादा,

आबा बरे आहेत. गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरी जाळी असते. पेज घेतात. मागच्या रविवारी मी पेपर तपासायला शाळेत गेले असताना तू येऊन गेलास, हे बिराप्पांनी सांगितलं. म्हणाले, "तुमचं भाऊ दोन तास बसलं हुतं. दोघं बी गप." मी जास्त विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. नाही तर लिहिणार नव्हते.

आबा जागे झाल्यावर मी जुनी वही उघडून दाखवली आणि म्हटलं, "आबा, मला समजलं. ती भाकरीची फेरी होती."

त्यांनी वही मिटली. मग विचारलं, "प्रशांतनं सांगिटलं?"

मी म्हटलं, हो, दादाचं पत्र आलं. बाईमाणसानं पदराला हात पुसावेत तसे आबा चादरीला हात पुसत राहिले. मला वाटलं, रागावले. पण ते रागावलेले नव्हते. एकेक शब्द सुटा करून बोलले. मी ते घरी येऊन जसंच्या तसं उतरवलं आहे.

"तुला ठावं न्हवतं, म्हनून सांगत हुतो गं. त्येला कवा सांगिटलं का मी? त्येला सांगताना त्याच्या डोस्क्यावरची टोपली दिसती मला. तुज्या म्होरं तसं न्हाई. तुज्या म्होरं बोलताना हातात काठी न्हवती, कायबी न्हवतं. निस्ता गावातनं चाललोय, बाया चुलीम्होरं बसल्यात, कुनाचं कालवन रटरटतंय. लय बरं वाटायचं."

मी म्हटलं, "आबा, बारा घरं राहिली आहेत. फक्त नावं सांगा. मी काही विचारणार नाही."

"ऱ्हाऊ देत. आता तूबी म्हागनं टोपली घिऊन चालशील."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. सकाळी नऊला त्यांना आत नेलं. तोवर ते बिराप्पांशीही बोलले नाहीत.

तुला मी दोष देत नाही असं लिहावं, हे मला कळतं. पण देते. तुझं पत्र दोन दिवस उशिरा आलं असतं, तर काही न कळताच मी जुनी वही पुढं केली असती आणि मला बारा घरांची नावं तरी मिळाली असती. ती खोटेपणानं मिळाली असती, आबांचं गाव मला कळलंच नसतं, पण आबा चालत राहिले असते. मीच तुला लिही लिही म्हणून मागं लागले होते, हेही खरं आहे. म्हणजे दोष द्यायचा तर मलाच द्यायला हवा. दोन्ही प्रकारे देऊन बघितला, घरं काही येत नाहीत.

ती तीन पानं मी ऑपरेशन चालू असताना व्हरांड्यात बसून लिहिली. एका बैठकीत, एकही खाडाखोड नाही. ३० ऑगस्टला सरांना दिली. त्यांनी दोनदा वाचली. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बाई, आता मला समजलं. हे असं आहे होय. हे मी कुणाशीही भांडून मंजूर करून आणतो." आणि आणली. सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली आहे. शेऱ्यात लिहिलं आहे, 'विषय पूर्ण स्पष्ट. लेखन पूर्ण करावे.' ती तीन पानं मासिकात द्यावीत असं सरांचं म्हणणं आहे.

तर माझं असं झालं. काय लिहिते आहे ते सगळ्यांना नीट समजावून सांगता येतं, आणि लिहिता येत नाही. वही उघडते. एकेचाळिसाव्या घरात आबा न्हाणीपाशी उभे असतात, आणि मी मागं उभी असते. आबांनी म्हटलं तसंच. त्यांना पुढं जा असं मला म्हणवत नाही. शेजारच्या खोलीत ते खाटेवर बसलेले असतात, वहीचा आवाज ऐकला की खिडकीकडं तोंड फिरवतात. काल मी वह्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या.

शुक्रवारी सरांना भेटून नोंदणी मागं घेते म्हणून सांगितलं. ते चिडले. म्हणाले, "बाराच घरं ना? दुसरा निवेदक शोधा. वडिलांबरोबर त्या वाटेनं चाललेलं कुणी असेलच. तुमचे थोरले भाऊ आहेत ना साताऱ्याला?"

मी सांगितलं, भाऊ तेव्हा फार लहान होता, त्याला काही आठवत नाही.

तुझी,
दीक्षा